पसारा कुणाचा, आवराआवर कुणाची?

‘खोली आवरा, मन शांत होईल’ हा सल्ला हल्ली उठता-बसता ऐकू येतो. सल्ला खोटा नाही. अडगळ निघाली की मोकळं वाटतंच. पण आवरायचं कुणी आणि टाकायचं कुणाचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली लॉस एंजेलिसमधल्या कमावत्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घराबद्दल बोलताना ज्या बायकांच्या तोंडी पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं पुनःपुन्हा येत होती, त्यांच्यात ताणाशी निगडित असलेलं कॉर्टिसॉल दिवसभरात उतरायला हवं तितकं उतरत नव्हतं. मला यात नवल वाटत नाही. बाईला पसारा दिसतो तो न संपलेलं काम म्हणून. आपल्याकडच्या २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. मग मनःशांतीसाठी आणखी एक काम तिच्याच माथी का?

वस्तीत काम करताना दिसतं, की दहा बाय बाराच्या खोलीत आवराआवर निघाली की अडगळ ठरते ती बाईचीच वस्तू. तिची माहेरची ट्रंक, शिवणयंत्र, शाळेचे दाखले. नवऱ्याचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर मात्र फळीवर तसाच. पुढे तीच बाई सल्ला केंद्रात येते तेव्हा हातात एकही कागद नसतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली (२००५) न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. पण काय काय होतं हे सांगताना दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले फोटो मोलाचे ठरतात. ते केव्हाच रद्दीत गेलेले असतात.

म्हणून मैत्रिणींनो, घर जरूर आवरूया, पण सगळ्यांनी मिळून. ज्याची वस्तू, त्याने ती आवरायची. तिचं काय करायचं हेही त्यानेच ठरवायचं. आणि प्रत्येक घरात, मग ते एका खोलीचं का असेना, बाईचा एक कप्पा हवा. त्याची किल्ली तिच्याकडे. त्यात तिचे दाखले, बँकेचं पासबुक, पावत्या. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारूया : असा कप्पा कुणाकुणाकडे आहे?

आपल्याला न विचारता आपलं काही फेकलं जाणार नाही, ही खात्री असली तरच आवरलेल्या खोलीत बाईला शांत झोप लागेल.