'टुडे मॉर्निंग'चा गुन्हा

इंग्रजी शिकवणाऱ्या रील्सचा साचा ठरलेला आहे. डावीकडे लाल फुली, उजवीकडे हिरवी खूण, मध्ये सर. 'टुडे मॉर्निंग' म्हणू नका, 'धिस मॉर्निंग' म्हणा. 'प्रीपोन' हा शब्दच नाही. 'सिन्स टू इयर्स' म्हणालात तर इंटरव्ह्यूत तुमची विकेट पडलीच म्हणून समजा. खाली कमेंट्समध्ये 'थँक यू सर'ची रांग. रील संपतं, आणि बघणाऱ्याला इंग्रजी येवो न येवो, तोंड उघडायची भीती मात्र थोडी वाढलेली असते.

आता जरा विचार करा. 'टुडे मॉर्निंग' ऐकून कोणी संध्याकाळी उगवलाय का? 'सिन्स टू इयर्स' ऐकून कोणाला तीन वर्षं वाटली का? काळाबद्दलच्या ज्या चुकांवर एवढा आरडाओरडा चालतो, त्यातल्या बहुतेकांनी अर्थाला धक्काही लागत नाही. बदलतो तो फक्त बोलणाऱ्याचा थाट. आणि ज्या चुकांमुळे माणूस खरोखर चुकीच्या वेळी, चुकीच्या दिवशी हजर होतो, त्यांच्याबद्दल हेच सर गप्प असतात. कारण त्या समजावून सांगायला मराठी लागते, आणि मराठीला पहिल्याच दिवशी 'थिंक इन इंग्लिश' म्हणून वर्गाबाहेर उभं केलेलं असतं.

'पर्यंत' घ्या. "मी पाचपर्यंत ऑफिसात असेन." या वाक्याचे दोन अर्थ आहेत. मी उशिरात उशिरा पाचला पोहोचलेला असेन, हा एक. मी आत्ता तिथेच आहे आणि पाचला निघेन, हा दुसरा. मराठीत आपल्याला अडत नाही, कारण बोलणारा कुठे आहे हे समोरच्याला ठाऊक असतं, किंवा क्रियापदच काम करतं: 'सोमवारपर्यंत फॉर्म भरा' आणि 'सोमवारपर्यंत थांबा' यांतला 'पर्यंत' एकच, पण भरायचं एकदा असतं आणि थांबायचं सतत. इंग्रजीने ही जबाबदारी क्रियापदावर न ठेवता दोन वेगळ्या शब्दांवर टाकली आहे. एकदाच घडणाऱ्या गोष्टीची मुदत असेल तर 'बाय', चालू राहणाऱ्या गोष्टीचा शेवट असेल तर 'अनटिल' किंवा 'टिल'. 'आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह' म्हणणारा पाचच्या आत येणार आहे. 'टिल फाइव्ह' म्हणणारा पाचला जाणार आहे. तुम्ही साडेपाचला भेटायला गेलात तर एक भेटेल आणि दुसऱ्याच्या खुर्चीवर पंखा फिरत असेल.

यावर एक रील दाखवा. असलंच तर त्यात दोन्ही शब्दांची इंग्रजी व्याख्या असेल, पण 'तुमचा एक पर्यंत इथे दोन होतो' हे वाक्य नसेल. आणि मराठी मुलाला तेच एक वाक्य हवं आहे.

त्याहून घातक आहे 'इन'. 'दोन तासांत पाठवतो' म्हणजे दोन तास संपायच्या आत. 'दोन तासांनी पाठवतो' म्हणजे दोन तास उलटल्यावर. एका प्रत्ययाचा फरक, आणि मराठीत तो कोणी चुकत नाही. पण 'त' म्हणजे 'इन' हे शाळेत इतकं घोटलेलं असतं की आपण 'आय विल सेंड इट इन टू अवर्स' लिहून मोकळे होतो. वाचणारा समजतो, दोन तासांनी येईल. म्हणजे आपला 'तासांत' तिकडे 'तासांनी' होऊन पोहोचतो. आपल्याला हवा होता 'विदिन'. गंमत म्हणजे, झालेल्या कामाबद्दल बोलताना हाच 'इन' अगदी आपल्या 'त'सारखा वागतो: पुस्तक दोन तासांत वाचून काढलं, तिथे 'इन टू अवर्स' बरोबर. हा फरक पाठ करून लक्षात राहत नाही. 'तासांत' आणि 'तासांनी' शेजारी मांडले की एका मिनिटात कळतो.

आता 'सिन्स टू इयर्स'ची गोष्ट, कारण इथे रीलवाल्या सरांचा उपचार रोगापेक्षा वाईट आहे. 'मी दोन वर्षांपासून इथे आहे' याचं आपण 'आय अ‍ॅम हिअर सिन्स टू इयर्स' करतो. व्याकरण चुकलं, पण अर्थ सुखरूप पोहोचला. सर म्हणतात, 'सिन्स' काढा, 'फॉर' घाला. मूल आज्ञाधारक असतं. ते म्हणतं, 'आय अ‍ॅम हिअर फॉर टू इयर्स'. आता ऐकणाऱ्याला वाटू शकतं की हा दोन वर्षांसाठी आलाय, नंतर जाईल. मागचा काळ पुढचा झाला. परदेशातल्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ही दोन वाक्यं सारखी नाहीत. दुरुस्ती क्रियापदाची हवी होती, 'हॅव बीन' हवं होतं. पण क्रियापदाचा काळ समजावायला वेळ लागतो आणि रील तीस सेकंदांचं असतं.

आणि 'प्रीपोन'! बिचाऱ्याला इतका मार पडतो, पण तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. 1913 साली न्यूयॉर्क टाइम्सला लिहिलेल्या एका पत्रात हा शब्द 'पोस्टपोन'ला जोडीदार म्हणून सुचवला गेला होता. तो तिकडे रुजला नाही, भारतात रुजला, आणि कारण सरळ आहे: त्याचं काम दुसरा कुठलाच शब्द इतक्या स्वच्छपणे करत नाही. त्याच्या जागी सर जे शिकवतात ते बघा. 'मूव्ह फॉरवर्ड'. आपण मराठीत मीटिंग 'पुढे ढकलली' म्हणतो तेव्हा ती लांबते. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' केली की ती आधी होते. मराठी कान 'फॉरवर्ड'चा 'पुढे' करणार, आणि माणूस दोन दिवस उशिरा जाणार.

बरं, निदान इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना तरी हे नीट कळतं का? बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' झाली, तर ती आता कोणत्या दिवशी? लेरा बोरोडित्स्की आणि मायकल रॅमस्कार या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न लोकांना विचारला होता. काही सोमवार म्हणाले, काही शुक्रवार. विमानतळावर विचारलं तेव्हा नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवारकडे जास्त झुकले. म्हणजे ज्या वाक्यावर इंग्रजी घरात जन्मलेल्यांचं एकमत नाही, ते 'शुद्ध', आणि ज्याचा एकच अर्थ होतो ते 'प्रीपोन' अशुद्ध.

काही ठिकाणी तर मराठीकडे फरक आधीपासून आहे. गाडी 'वेळेवर' आली, हे 'ऑन टाइम'. उपचार 'वेळीच' मिळाले म्हणून माणूस वाचला, हे 'इन टाइम'. बोलताना आपण दोन्हीकडे 'वेळेवर' ठोकून देतो हे खरं, पण 'वेळीच'मधली ती 'नाहीतर उशीर झाला असता'ची धास्ती प्रत्येक मराठी माणसाला ऐकू येते. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या वर्षांत 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' शिकवताना किती जणांनी फळ्यावर 'वेळीच' लिहिलं असेल? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आज टिंगल होते. तिची वाक्यं कृत्रिम होती, कबूल. पण ती दोन भाषा शेजारी बसवत होती.

तुम्ही म्हणाल, इंटरव्ह्यू घेणारा 'टुडे मॉर्निंग' ऐकून नाक मुरडतो त्याचं काय? मुरडतो. म्हणून 'धिस मॉर्निंग' शिकाच, इस्त्रीचा शर्ट घालतो तसं. पण शर्ट शिकवणाऱ्याने आपण भाषा शिकवली असा दावा करू नये, आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात 'बाय फ्रायडे'चा मेल आला की मुलगी शुक्रवार संपेपर्यंत वाट बघत बसू नये, एवढी तरी त्याची फी वसूल व्हावी.

तिच्या त्या मेलमध्ये 'नेक्स्ट फ्रायडे' असेल तर मात्र तिने बिनधास्त तारीख विचारावी. सोमवारी बसून 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणणाऱ्याला हा शुक्रवार म्हणायचाय की पुढच्या आठवड्यातला, यावर इंग्रज आपसातही वाद घालतात.