आधी विचारा, मग बदला

गाडी कुठे बंद पडायची, ते गाडीच ठरवते. आमच्या गाडीने खंबाटकी घाट निवडला. मे महिन्यातली दुपार. शिरवळ केव्हाच मागे पडले होते. मागच्या सीटवर आई आणि मुलगी, पुढे पत्नी, आणि चढण अर्धी झालेली असताना इंजिन एकाएकी गप्प झाले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेकही दगडासारखा लागू लागला. मागून मालट्रकचा कर्कश भोंगा. कशीबशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर लावले, चाकांमागे दगड ठेवले आणि आईला हाताला धरून कठड्यापलीकडे नेऊन बसवले. त्या पाच मिनिटांत मला जेवढी भीती वाटली, तेवढी आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

स्टार्टर जोमाने फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हते. थांबलेल्या चार लोकांनी चार निदाने केली. कुणी म्हणाले पंप, कुणी प्लग, कुणी बॅटरी. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली आणि आम्ही सगळ्यांनीच सुटकेचा नि:श्वास टाकला.

पुण्यात परतल्यावर गाडी गॅरेजमध्ये टाकली आणि नेहमीचे वाक्य बोललो, ‘काय गेलंय ते बदला आणि संध्याकाळी द्या.’ त्यांनी पेट्रोलचा पंप बदलला. आठवड्याने गाडी भर रस्त्यात पुन्हा बंद पडली. मग प्लग आणि कॉइल बदलली. ती पुन्हा बंद पडली. हजारो रुपये गेले आणि मूळ दोष जागच्या जागी राहिला.

शेवटी एका मित्राने एका वयस्क मिस्त्रींकडे पाठवले. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. बंद पडताना गाडीने आचके दिले, की दिवा मालवावा तशी गेली? इंजिन गरम होते का? किती वेळाने सुरू झाली? स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलत होता का? मी काटा कधी पाहिलाच नव्हता. आई शेजारी खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, ‘आजी, तुम्ही मागे बसला होतात ना? साहेबांनी किल्ली फिरवली की काही ऐकू यायचं?’ आई म्हणाली, ‘माझ्या सीटखाली भुंगा गुणगुणायचा आणि थांबायचा. घाटातसुद्धा.’

तो भुंगा म्हणजे पेट्रोलचा पंप! किल्ली फिरवताच तो दोनेक सेकंद चालतो. आवाज आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही, पण पहिला संशय तरी त्याच्यावरून उठतो. म्हणजे ज्या पंपासाठी मी पैसे मोजले, त्याच्या बाजूची साक्ष आमच्या घरातच होती. ती कुणी विचारलीच नव्हती.

मिस्त्रींचे शास्त्र साधे होते. पेट्रोलच्या इंजिनाला हवा, इंधन आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. इंधन तुटले तर गाडी बहुधा आधी आचके देते. ठिणगी तुटली तर ती एका क्षणात मरते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवी. आता क्रँकशाफ्टजवळचा एक छोटा सेन्सर इंजिन कुठवर फिरले ते संगणकाला कळवतो. तो गप्प झाला की संगणक ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही. असा दुबळा सेन्सर तापला की बंद पडतो आणि निवला की पुन्हा बोलू लागतो.

त्यांनी संशयावर समाधान मानले नाही. गाडी तापवून बंद पडू दिली. स्टार्टर मारताना काटा शून्यावर निपचित होता. सेन्सरवर गार पाणी ओतले, तशी गाडी सुरू झाली. मग तेवढाच भाग बदलला. त्याला आता बरेच महिने झाले, गाडी पुन्हा तशी बंद पडलेली नाही.

बिल पाहून मात्र माझ्या कपाळाला आठी पडली. सेन्सर स्वस्त होता, मजुरी त्याहून जास्त. मुलगी म्हणाली, ‘बाबा, डॉक्टर तपासणीचे पैसे घेतात तेव्हा तुम्ही कुरकुरत नाही.’ तिचे खरे होते. आपण वस्तूचे पैसे आनंदाने देतो आणि विचाराचे द्यायला काचकूच करतो. मग गॅरेजवाला तरी विचार कशाला करील? तो वस्तूच विकणार. हल्ली स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो, पण तो क्रमांक म्हणजे तक्रार असते, निदान नव्हे. तक्रारीचा तपास माणसालाच करावा लागतो.

म्हणून वाचकहो, गाडी बंद पडलीच तर आधी माणसे सुरक्षित जागी न्या. मग चार गोष्टी पाहा आणि कागदावर लिहा: तापमानाचा काटा कुठे आहे, स्टार्टर फिरतो की नुसती टिकटिक होते, किल्लीचा दिवा लुकलुकतो का, आरपीएमचा काटा हलतो का. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरत असेल, तर पुन्हा पुन्हा मारू नका, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तो कागद मिस्त्रींच्या हातात द्या, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर घाई करू नका. मागच्या सीटवर कुणी बसले असेल, तर त्यांनाही बरोबर न्या.