नाव एक, स्पेलिंग चार

घरात मूल जन्मले की अकीक्याआधी नावाची किती चर्चा होते! अर्थ पाहिला जातो, थोरामोठ्यांना विचारले जाते. पण इतक्या काळजीने ठेवलेले नाव कागदावर कसे लिहायचे, हे आपण ठरवत नाही. जन्मनोंद करणारा कारकून, शाळेतले मास्तर, आधार केंद्रावरचा मुलगा आणि दवाखान्यात केसपेपर काढणारा, ज्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे तो लिहितो. इतर कागदांवर यामुळे हेलपाटे पडतात. दवाखान्यात मात्र जिवाशी गाठ असते.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून या घोळाचे मूळ रोज डोळ्यांसमोर असते. उर्दूत जाल, जे, ज्वाद आणि जोय ही चार अक्षरे आपण एकाच उच्चाराने वाचतो. मराठीत नुक्ता नाही. तिथे कोणी ‘जाकीर’ लिहितो, कोणी ‘झाकीर’. इंग्रजीत गेल्यावर एकाचा ‘जे’ होतो, दुसऱ्याचा ‘झेड’. कुरेशी कुठे ‘क्यू’ने सुरू होतो, कुठे ‘के’ने. मोहम्मदचे तर विचारूच नका. पूर्ण लिहिण्याच्याच तीन-चार तऱ्हा, शिवाय ‘मोहं.’ आणि ‘एम-डी’ वेगळे.

त्यात आपली मराठवाड्याची रीत. ‘शेख रशीद शेख चाँद’ हे नाव फॉर्मच्या तीन चौकटींत कसे बसवायचे? कोणी ‘शेख’ पहिल्या चौकटीत घालतो, कोणी आडनावाच्या. बायकांचे हाल आणखी. तीच बाई माहेरच्या कागदावर शबानाबी, रेशनकार्डावर शबाना बेगम आणि जमिनीच्या कागदावर ‘शबाना भ्र. शेख रशीद’. भ्र. म्हणजे भ्रतार, हे आजच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला कुठून ठाऊक असणार!

आता हसनाबादचा पेशंट भोकरदनला जातो, तिथून जालन्याला, जास्त झाले तर संभाजीनगरच्या घाटीत. तिन्ही ठिकाणी नाव वेगळे पडले तर यंत्राच्या लेखी ती तीन माणसे होतात. शुगरचे जुने रिपोर्ट, कोणत्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली होती, हे सगळे दुसऱ्याच ‘माणसा’च्या खात्यात पडून राहते. याच्या उलट चूक तर अधिक घातक. एकाच गावात दोन शेख रशीद असतात आणि दोघांची नोंद एकत्र झाली, तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर दिसतो. जन्मतारखेवरून फरक कळेल म्हणावे, तर जुन्या पिढीत खरी तारीख माहीत नसली की शाळेत १ जून लिहायची पद्धत होती. निम्मा वर्ग १ जूनचाच!

स्पेलिंगऐवजी उच्चारावरून नावे जुळवायची युक्ती जुनी आहे. रॉबर्ट रसेल यांच्या ‘साउंडेक्स’ पद्धतीला अमेरिकेत १९१८ साली पेटंट मिळाले. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर सोडायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. या हिशोबाने शेखमध्ये ‘ई-आय’ असो की ‘ए-आय’, उत्तर एस-२०० येते. पण ‘एस-के’ असे थोडक्यात लिहिले की एस-००० होते. ‘क्यू’चा आणि ‘के’चा कुरेशी तर पहिल्याच अक्षराला वेगळे पडतात. ही पद्धत इंग्रजी वळणाच्या नावांसाठी बनली. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत आलेल्या नावांपुढे ती अपुरी पडते. म्हणून नुसत्या नावावर भिस्त ठेवण्यात शहाणपण नाही.

नावाला नंबरची जोड हवी. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातला १४ अंकी ‘आभा’ नंबर याच कामासाठी आहे. तो मोफत निघतो आणि ऐच्छिक आहे. मात्र तो आधारवरून काढला तर आधारवरचेच नाव त्यात येते. म्हणून आधी आधार तपासावे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, तेव्हा घाईने अर्ज करू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेताना रेशनकार्ड आणि ओळखपत्र दोन्ही पाहतात. त्या दोन कागदांत मेळ घालण्याचे काम घरात कोणी धडधाकट असताना करावे, आयसीयूच्या दारात नव्हे.

वाचक भगिनींनो, हे काम तुम्हीच नीट कराल. एका वहीत घरातल्या प्रत्येकाचे नाव आधारप्रमाणे मराठीत आणि इंग्रजीत लिहा. खाली जन्मतारीख, रक्तगट, न मानवणारे औषध आणि आभा नंबर लिहा. दवाखान्यात नाव तोंडी सांगू नका, वही दाखवा. ‘आधी इथे आलो होतो, मोबाईल नंबरवरून जुनी नोंद शोधा’ असे अदबीने पण ठामपणे म्हणा. रक्त तपासायला घेतले की बाटलीवरचे नाव आणि वय वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सोबत न्या. सून घरात आली की तिचे पान वाढवा आणि तिच्या निकाहाआधीच्या कागदांवरचे नावही त्यात लिहून ठेवा. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी रात्री-अपरात्री तेच पान लागेल.