आधी मोजा, मग बदला

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेला ट्रक पुण्याकडे जाताना खोपोलीनंतर बोरघाट चढू लागतो. चाल मंद, पण एंजिनावर भार मात्र पूर्ण. अशा वेळी त्या एंजिनाचे फिरते भाग एकमेकांवर घासून जळून का जात नाहीत? कारण त्यांच्यामध्ये वंगणतेलाचा थर असतो. हा थर केवळ काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही सहस्रांश, एवढाच जाड असतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड!

आपली मोटार अधिक शक्तिमान करावी, अशी हौस अनेकांना असते. शक्ती वाढली की हा थर टिकवणे अवघड होते. मग सल्ला मिळतो, ‘मोठा ऑइलपंप बसवून टाका.’ माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. का, ते पाहू.

1883 साली बोशँप टॉवर हे इंग्रज अभियंता बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्यांनी तेथे लाकडी बूच ठोकले. तेलाने ते बूचही बाहेर ढकलले! 1886 मध्ये ऑझ्बर्न रेनल्ड्स यांनी यामागचे गणित मांडले. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेथे भार पेलणारा दाब निर्माण होतो. याचा अर्थ असा की, भार पेलतो तो हा थर. पंपाचे काम तेथे तेल अखंड पोहोचवण्याचे. गरजेहून मोठा पंप जादा तेल झडपेतून परत पाठवतो आणि त्यात एंजिनाची शक्ती फुकट जाते.

मग थर तुटतो कशाने? मुख्य कारणे दोन. पहिले, उष्णता. नेहमीच्या 20-50 प्रकारच्या तेलाचा दाटपणा 40 अंश सेल्सियसच्या मानाने 100 अंशांना सुमारे आठ-नऊ पटींनी कमी होतो. तेल त्याहून फार तापले, की थर आणखी पातळ होतो. यावर उपाय म्हणजे तेल थंड करणारा कूलर. पंप मोठा केल्याने तेल थंड होत नाही.

दुसरे कारण, तेलाचे सरकणे. अर्धी भरलेली बाटली एस.टी.च्या प्रवासात आडवी धरून पाहा. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला चढते. एंजिनाच्या तळाशी, गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्यातही, हेच घडते. आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाव पट असेल, तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे 14 अंश कलतो. त्वरण गुरुत्वाइतके झाले, तर चक्क 45 अंश! मग पंपाची नळी उघडी पडून तेलाऐवजी हवा शोषते. काही सेकंदांत बेअरिंग खराब होऊ शकते. येथे मोठा पंप तर चेंबर अधिकच लवकर रिकामा करील. चेंबरात आडव्या-उभ्या पट्ट्या बसवून तेल अडवणे हा यावरचा स्वस्त उपाय. तेल वेगळ्या टाकीत साठवण्याची ‘ड्राय संप’ पद्धत उत्तम खरी. परंतु ती खर्चिक आहे आणि शर्यतीच्या गाडीलाच शोभते. एवढ्या जोराने वळणे घेण्याची जागा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या बंदिस्त मार्गावर आहे, कळंबोलीच्या रस्त्यावर नव्हे.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम तेलाची पातळी आणि योग्य प्रतीचे तेल. नंतर दाब आणि तापमान दाखवणारी मापके. तेल तापत असेल तर कूलर. वळणावर दाब कोसळत असेल तर चेंबरातील पट्ट्या. तेल पुरेसे आहे, तापलेलेही नाही, बेअरिंगही झिजलेले नाही आणि तरीही दाब कमी पडतो, असे दिसले तरच नवा पंप.

डॉक्टर ताप मोजल्याशिवाय औषध देत नाहीत. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण औषध आधी विकत आणतो आणि रोग नंतर शोधतो. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी गॅरेज काढील. तेव्हा गिऱ्हाईक मोठ्या पंपाचा हट्ट धरील. त्याला आधी मापक दाखवा.