रात्री दोनला माझा व्हिडिओ बघू नका



आज जरा माझ्याच पोटावर पाय देणारं बोलतो. आपल्या चॅनलचे आकडे बघितले. आपले व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितले जातात रात्री अकरा ते दोन या वेळेत. आणि बघणारी बहुतेक कॉलेजची मुलं-मुली!

माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. बीबीए दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा दुपारनंतर कामाला यायचा. हुशार, बोलका, धंद्याचं वेड असलेला. परीक्षेच्या गर्दीत त्याने एका प्रोजेक्टची पानं उलटसुलट लावून स्पायरल मारलं. दुसऱ्या गिऱ्हाईकाला शंभर रुपये जास्त परत दिले. ओरडणार होतो, पण त्याचे डोळे बघितले. म्हणाला, "सर, तीन वाजता झोपलो. बिझनेसचे व्हिडिओ बघत होतो." त्यातला एक माझाच होता. काय बोलणार?

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि शिकणं खिशात आलं. मी स्वतः त्यावरच उभा आहे, त्यामुळे इंटरनेट वाईट असं मी म्हणणार नाही. पण हिशोब करा. तरुण माणसाला ७ ते ९ तास झोप लागते. दोनला झोपून सातला उठलात तर रोज किमान २ तास कमी. आठवड्याला १४ तास, म्हणजे पूर्ण दोन रात्री! ही उधारी आहे, आणि रविवारी बारापर्यंत लोळून ती फिटत नाही. मग चिडचिड, डोकेदुखी, मान धरणं, लेक्चरला डुलक्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दरवेळी फोनमुळेच त्रास होतो असं नाही. कधी आधीच टेन्शन असतं, एकटं वाटत असतं, म्हणून माणूस फोनमध्ये शिरतो. अशा मुलाचा नुसता फोन काढून घेऊन उपयोग नाही, त्याच्याशी बोलावं लागतं. फोन सुटतच नसेल तर डॉक्टरांना भेटण्यात लाज कसली? बेंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालतं.

माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही किती तास ऑनलाइन असता यापेक्षा फोन रात्री किती वाजता खाली ठेवता, ते आधी बघा. दुकानाला शटर असतं ना? तसं फोनलाही लावा. साडेदहाला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. हॉस्टेलवर असाल तर कपाटात. उठायला साधं गजराचं घड्याळ घ्या.

आणि एका दिवसात एकच व्हिडिओ बघा, पण सकाळी, वही घेऊन. त्यातलं एक काम त्याच दिवशी करा. दहा व्हिडिओ बघून झोपणाऱ्यापेक्षा एका होलसेलरला भाव विचारून येणारा पुढे जातो.

सुरुवात माझ्यापासून. आपला नवा व्हिडिओ आतापर्यंत रात्री अकराला यायचा. या सोमवारपासून सकाळी आठला येईल. व्ह्यूज कमी झाले तर होऊ देत. तुमच्या पहिल्या धंद्याचं पहिलं भांडवल म्हणजे तुमची तब्येत, आणि त्यासाठी कुठलीच बँक लोन देत नाही.

तुमचं शटर किती वाजता पडतं? कमेंटमध्ये सांगा. पण दिवसा!