वकील कुणाचा?

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आमच्या केंद्रावर आल्या. विधवा, मूलबाळ नाही. "पुतण्यानं मृत्युपत्र करून आणलंय. सोमवारी सही करायची आहे. एकदा बघता का?"

मी वाचलं. ते बक्षीसपत्र होतं! मृत्युपत्र जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदलं की घर तेव्हाच हातातून जातं. बाईंनी कागद वाचला होता, पण त्या 'सदरहू'च्या जंगलात त्यांना काही कळलं नव्हतं. विचारलं का नाही? "वकील घरचेच आहेत ना."

घरचे म्हणजे कुणाचे? फी पुतण्याची, मजकूर पुतण्यानं सांगितलेला. बाईंना घर धाकट्या बहिणीला द्यायचं होतं. ते कुणी विचारलंच नव्हतं.

आपण शिबिरांतून 'मृत्युपत्र करा' एवढंच सांगतो. ते सांगायलाच हवं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, मूल नसलेल्या विधवेची स्वकष्टाची मिळकत तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरनं हाकललेल्या, माहेरी शिकून नोकरी केलेल्या एका बाईची पुंजी २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं नणंदेच्या मुलांना दिली. तिनं मृत्युपत्र केलं नव्हतं.

पण ते कुणाच्या सल्ल्यानं करायचं, यावर आपण गप्प असतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला मिळकत मिळणार, तो सल्ल्याच्या वेळी खोलीत नको. लाभ होणाऱ्यानंच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर ते संशयास्पद ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५९ सालीच म्हटलंय. आम्ही बहिणीलाही बाहेर बसवलं. तिला राग आला, येऊ दे. आणि कुणी बाई आपल्या संस्थेला काही देऊ म्हणाली, तर आपणही तिला आपला वकील सुचवू नये.

वकील परवडत नाही, हे कारण नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत सल्ल्याचा हक्क आहे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. आम्हाला दोन खेपा पडल्या, पण तिथल्या वकीलबाई बाईंशी तासभर एकट्याच बोलल्या.

इच्छापत्र (मला हाच शब्द आवडतो) साध्या कागदावर झालं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही झाली, दोघांनीही सह्या केल्या. पुतण्याला अजून सांगितलेलं नाही.