सपत्नीक

साठी उलटलेल्या माणसांसाठी आपल्या समाजात हल्ली बरंच काही सुरू झालंय. सकाळी फिरायचा गट आहे, हास्यक्लब आहे, महिन्याची सहल आहे, वर्षातून एकदा मोठी यात्रा आहे. चांगलं आहे. जन्मभर बँकेत, शाळेत नाहीतर दुकानात बसलेल्या माणसाला मोकळी हवा आणि चार सोबती मिळत असतील, तर त्याला कोण नको म्हणेल? माझं म्हणणं एवढंच, की याला 'ज्येष्ठांचे उपक्रम' म्हणू नका. 'निवृत्त पुरुषांचे उपक्रम' म्हणा, म्हणजे हिशेब सरळ राहील.

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी जाऊन बघा. आपले अण्णा, काका, मामा घोळक्याने चालताना दिसतील. राजकारण, गुडघे, सुनेच्या गोष्टी, सगळं होतं. त्यांच्या बायका त्या वेळी कुठे असतात? पाणी गाळत असतात. पूजेची तयारी, नातवंडांचे डबे, आणि गावात मुनी महाराज असतील तर चौक्याची गडबड. अण्णा अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी रिटायर झाले, त्यांना हार-नारळ मिळाला. काकूंना निरोप समारंभ कुणी केलाय का? त्यांची नोकरी अजून चालूच आहे.

संध्याकाळचं तर विचारूच नका. सूर्यास्ताच्या आत जेवायचं हा आपला नियम. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला पानं वाढली पाहिजेत, म्हणजे चारला बाई चुलीपुढे. चार ते सहा हीच फिरायची खरी वेळ, आणि तीच तिची जाते. पुरुष फिरून येतात, हात धुतात, पाटावर बसतात. मी व्रताविरुद्ध बोलत नाही, मीही ते पाळते. पण व्रत दोघांचं असतं आणि फोडणी एकटीचीच का, हे मला कुठल्या शास्त्रात सापडलेलं नाही. उलट बघायला गेलं तर आपली चूल दिवेलागणीला विझते. इतर घरांतल्या बायकांपेक्षा आपल्याला संध्याकाळ मोठी मिळायला हवी. ती मिळत नाही, कारण अंधार पडल्यावर बाईने एकटीने कुठे जायचं, हा पुढचा नियम तयारच असतो.

यावर उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं उत्तर : "कोण अडवतंय? यावं की त्यांनी." दाराला कुलूप नाही हे खरं. पण घरी पोळ्या कोण करणार, हे न ठरवता दार उघडं ठेवण्यात मोठेपणा कसला? सरकारनेही दार उघडलंय. जून २०२३ पासून कर्नाटकात राज्यातल्या राज्यात साध्या बसचा प्रवास बायकांना फुकट आहे. पलीकडे महाराष्ट्रात त्याच वर्षापासून एस.टी.त अर्धं तिकीट. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांचं एवढ्या एका बाबतीत जुळलं, पण आमच्या घरात अजून जुळत नाही. तिकीट फुकट झालं, वेळ फुकट झाला नाही.

दुसरं उत्तर : "त्यांचे गुडघे दुखतात, टेकडीवर कशाला न्यायचं?" वा! याच बायका श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या अनवाणी चढतात, तेव्हा कुणाला त्यांचे गुडघे आठवत नाहीत. पुण्यासाठी चाललेले पाय मौजेसाठी चालणार नाहीत होय?

तिसरं उत्तर : "सहलीला त्याही असतात की." असतात. सहलीच्या आदल्या दिवशी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा करत असतात. कांदा-लसूण नको, कंदमूळ नको, बाहेरचं चालत नाही, म्हणून शेगडी आणि पातेली बसमध्ये चढतात, आणि त्यांच्यामागोमाग बायका चढतात. स्तवनिधीला गेलो काय नि कुंभोजला गेलो काय, पुरुष दर्शन करून झाडाखाली बसतात आणि बायका भाजी चिरायला बसतात. परत आल्यावर अहवालात एक ओळ : 'महिला मंडळाचे विशेष आभार.' आपल्या मोठ्या क्षेत्रांवर भोजनशाळा आहेत, शुद्ध जेवण मिळतं. तिथे पैसे भरून जेवायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की बायकांचे हात फुकट आहेत.

आणि आता ज्या शब्दासाठी मी हे लिहायला बसले तो शब्द. माझ्या ओळखीच्या एक अक्का आहेत, सत्तरीच्या. त्यांचे यजमान अशाच एका गटाचे सभासद होते. पत्रिका यायची 'सपत्नीक' अशी. यजमान गेले आणि पत्रिका यायची थांबली. कुणी काढून टाकलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. यादीतून नाव गेलं, एवढंच. नाव यजमानांचं होतं, अक्का तर नुसत्या 'सपत्नीक' होत्या. ज्या बाईला सोबतीची गरज सगळ्यांत जास्त, तिलाच सोबत तुटली. 'आपल्याकडे विधवांना आता कोण कमी लेखतं' असं सभेत बोलणाऱ्यांनी आधी आपली सभासदांची यादी काढून बघावी.

श्रवणबेळगोळच्या गुल्लकायज्जीची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. चावुंडरायाच्या घागरीमागून घागरी ओतल्या तरी दूध गोमटेश्वराच्या पायापर्यंत पोहोचेना, आणि एका गरीब म्हातारीच्या इवल्याशा फळाच्या करवंटीतल्या दुधाने सारी मूर्ती न्हाली. गर्व उतरला, हे तात्पर्य आपण पाठ केलं. मला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. ती म्हातारी एकटी आली होती. ती कुणाची सपत्नीक नव्हती, आणि घरी स्वयंपाकाचं काय केलंस असं तिला कुणी विचारलं नाही. तिची मूर्ती आजही त्या डोंगरावर उभी आहे. आपण तिला नमस्कार करतो आणि खाली येऊन भाजी चिरायला लागतो.

बायांनो, थोडं आपल्यालाही सुनावते. स्वयंपाकघराच्या चाव्या कमरेला ठेवून 'माझ्याशिवाय पान हलत नाही' म्हणण्यात सुख असतं, ते मला ठाऊक आहे. पण अपरिग्रहाचं व्याख्यान ऐकून आलेल्या बाईने चाव्यांचा परिग्रह का सोडू नये? आणि सोडताना त्या सुनेच्या कमरेला बांधू नका. ती आधीच नोकरी करून दमून येते. ज्या माणसाला सकाळपासून रात्रीपर्यंत काम नाही, त्याच्या हातात द्या. बँकेचा ताळेबंद जुळवणाऱ्याला कुकरच्या शिट्या मोजता येतील. आठवड्यातून दोन संध्याकाळी अण्णांनी खिचडी टाकावी आणि काकूंनी चारला चपला घालाव्यात. व्रत मोडणार नाही.

गटांच्या पदाधिकाऱ्यांना सांगायचं ते थोडकंच. सभासदत्व ज्याचं त्याच्या नावाने द्या, नवराबायकोला वेगवेगळं. समितीत निम्म्या बायका घ्या, नुसत्या हळदीकुंकवापुरत्या नव्हे. जागा ठरवताना तिथे स्वच्छ शौचालय आहे का, हे झाडीच्या आधी बघा. जेवण भोजनशाळेत घ्या, नाहीतर पगारी आचारी न्या.

आणि आपण काय करायचं? पुढच्या सहलीची यादी घेऊन कुणी दारात आलं की पैसे देण्याआधी एकच विचारायचं : स्वयंपाक कोण करणार? उत्तर मिळेपर्यंत नाव लिहू द्यायचं नाही. आणि लिहायचं तेव्हा आपलं स्वतःचं, पूर्ण नाव लिहायचं.